तुझी अमेरिका, माझी विलायत

हमीद,

गेलास तो माझी गाडी तुझ्या दारात आणि तुझी गाडी माझ्या दारात ठेवून गेलास. जाणाऱ्यानं मागची आवराआवर करून जावं म्हणतात. पण तू कधी काय आवरलंस? वखारीत सागवानाशेजारी बाभूळ पडलेली असायची आणि विचारलं की म्हणायचास, "लाकडाला लाकडाची सोबत लागती रे."

साजिदचा फोन आला तेव्हा मी लातूरला डाळ मिलवर होतो. तुरीचा ट्रक खाली होत होता. तुझ्या मुलानं 'अब्बा' एवढंच म्हटलं आणि पुढचं मला कळलं. मिलबाहेर आलो तर समोर तुझीच गाडी उभी. नांदेडला जायला माझ्याकडे दुसरं वाहन नव्हतं असं नाही. मिलची जीप होती, ड्रायव्हर होता. पण हात तुझ्याच चावीकडे गेला.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वळलो, तर खुर्च्यांवर बसलेली माणसं त्या लांबलचक निळ्या गाडीकडे पाहून सवयीनं उठून उभी राहिली. एक लहान पोर "हमीदचाचा आले" म्हणून ओरडलं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी गाडीतून उतरलो. तुझ्या मातीला तुझ्याच गाडीतून आलेला मी पहिला माणूस असेन. कब्रस्तानातून परतताना तुझ्या लांबच्या एका नातेवाइकानं विचारलं, "आपलं आणि हमीदभाईंचं नातं काय?" मी म्हणालो, "आमचं भांडण आहे." तो बिचारा चार पावलं बाजूला सरकून चालायला लागला.

त्या भांडणाची सुरुवात कशी झाली, ह्यावरही आपलं कधी एकमत नव्हतं. मला आठवतं ते असं. देगलूरकडे एका जुन्या जहागीरदारांच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या धूळ खात होत्या. एक काळी, विलायती. एक निळी, अमेरिकन. मी लातूरहून गेलो, तू नांदेडहून आलास. दोघांची ओळखदेख नाही, आणि दोघांची नजर काळीवर. म्हातारे जहागीरदार म्हणाले, "दोघी माझ्याकडे सोबत आल्या, सोबतच जातील. एकीचं बोलणार असाल तर चहा घ्या आणि निघा." चहा आपण घेतला, पण निघालो नाही. लिंबाखाली बसून दोन परक्या माणसांनी दोन गाड्या निम्म्यानिम्म्यात घेतल्या. तू म्हणालास, "तू लांबून आलास, तू निवड." मी काळी घेतली. तू लगेच म्हणालास, "बरं झालं. मला ती पाह्यजेच नव्हती. माझं मन हिच्यावरच होतं."

खरंच? तीसेक वर्षं मी तुला हे विचारलं. चहावर विचारलं, रागात विचारलं, तुझ्या अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी विचारलं. दर वेळी तू हसलास आणि विषय बदललास. हे उत्तर तू सोबत घेऊन गेलास, आणि माझा तुझ्यावर राग आहे तो पहिला ह्याचा.

परतीच्या वाटेवर तू नियम घातलास. गाडीच्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही. "नाव घेतलं की पार्टवाला भाव चढवतो. जुनी गाडी म्हण, लंबी गाडी म्हण, काही म्हण." म्हणून तुझी ती अमेरिका झाली आणि माझी ती विलायत. आता भाव चढवणारं इथं कुणी नाही, तरी हे लिहितानाही नाव घेत नाही. शब्द दिलाय.

माझं म्हणणं साधं होतं. संग्रह करायचा तर विलायती गाडीचा करावा. ती हातानं घडवलेली असते. आत अक्रोडाचं लाकूड, कातड्याच्या गाद्या, दार लावलं की हलका, जाड आवाज. ती थोडी बनली म्हणून दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून जाणकारांत तिला मान. अमेरिकन गाडी म्हणजे कारखान्यातून बदाबदा पडलेला माल. मागे माशाचे पर, पुढे निकेलचे विचकलेले दात. मी तिला बँडवाला म्हणायचो. लग्नात शोभते, घरात ठेवता येत नाही.

तू मुंडी हलवत ऐकायचास आणि मग सुरू व्हायचास. "तुझी विलायत म्हंजी रुसका जावई हाय. उन्हात न्यायचं न्हाई, पावसात न्यायचं न्हाई, आन् मानपान चुकला की तिथंच बसकण मारतो. माझीला बघ. आठ सिलिंडर. जिथं रस्ताच सरत न्हाई, त्या मुलकात बनली. मे महिन्यात उभी कर, हूं की चूं न्हाई. लाखानं बनल्या म्हणून तिचे भाग मिळून राहिले. तुझीचा एक बोल्ट आणायचा तर विलायतेच्या भंगारबाजारात माणूस धाडावा लागतो. आन् गाडी चालायसाठी असती रे. नुसता संग्रहच करायचा तर पोस्टाच्या तिकिटांचा कर, त्यांना पेट्रोल लागत न्हाई."

लाकडाचा विषय काढला की तू अंगावर यायचास. "सारी जिंदगी भुश्श्यात गेली माझी. गाडीत बसल्यावर तरी लाकूड दिसू देऊ नको बाबा." पण लातूरच्या उन्हानं माझ्या डॅशबोर्डवरचा अक्रोडाचा पापुद्रा सुटून वर आला, तेव्हा मी तुला फोनही केला नव्हता. कुणाकडून कळलं देव जाणे. तू आलास, फळी काढून नेलीस, आणि परत आणलीस तेव्हा त्या लाकडात माझं तोंड दिसत होतं. बसवताना सारा वेळ शिव्या देत होतास, मला, विलायतेला आणि अक्रोडाच्या झाडाला. मी आभार मानायचे सोडून म्हणालो, "रंग जरा गडद झालाय." तू म्हणालास, "गडद तुझं नशीब हाय." मग दोघं जेवलो.

अदलाबदल ही तुझीच कल्पना, पुष्कळ वर्षांनी सुचलेली. "तू माझी चालवत न्हाईस, मी तुझी चालवत न्हाई, आन् दोघं बिनचालवता बोलून राहिलो. ह्याला अर्थ न्हाई." म्हणून पाऊस सरून रस्ते वाळले की आपण दोन्ही बाजूंनी निघायचो आणि अहमदपूरच्या बाहेर त्या चहाच्या हॉटेलावर भेटायचो. चहा झाला की चाव्या बदलायच्या. तुझी गाडी मी लातूरला न्यायची, माझी तू नांदेडला. आणि जो आपली गाडी आधी परत मागेल, तो त्या वर्षी हरला. त्या हॉटेलवाल्याला आपण दोघं स्मगलर वाटायचो, हे त्यानं नंतर सांगितलं.

पहिली काही वर्षं आपल्या दोघांना आठवडाही निघेना. तू रोज फोन करायचास. "आज तुझ्या विलायतेनं घमेल्यात पावशेर तेलाचा प्रसाद दिला." मी सांगायचो, तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे, काळजी नको. तू बजावलं होतंस की अमेरिकेला गंजगोलाईच्या बाजारात नेऊ नकोस. मी नेली. तिथल्या एका बोळाच्या तोंडाशी ती आडवी झाली ती पुढेही जाईना, मागेही येईना. रिक्षावाले हॉर्न वाजवून थकले. क्लासला निघालेली पोरं बॉनेटला टेकून एकमेकांचे फोटो काढत होती. मी तिथूनच तुला फोन लावला आणि गाडी परत घेऊन जा म्हणालो. त्या वर्षी मी हरलो. तुझं ते हसणं फोनमधून आजूबाजूच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं.

पण एकदा तू हसला नाहीस. मुदखेडच्या लग्नाहून आपण परतत होतो. दिवेलागणीची वेळ, दोन गाड्या मागेपुढे. माझ्या विलायतेचे दिवे गेले. वायरिंगवरून तू मला किती वर्षं टोचत होतास, आणि आता तर तुझ्या हातात आयतं कोलीत मिळालं होतं. तू खाली उतरून आलास, वायरी हलवून पाहिल्यास, काही झालं नाही. "माझ्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेव आन् ये," एवढंच म्हणालास. एरवी बैलगाडीलाही मागे टाकायची घाई असणारा तू, माझ्यासाठी नांदेडपर्यंत सायकलच्या वेगानं चालवत आलास. घरी पोचल्यावर भाभींनी उशीर का झाला म्हणून विचारलं. "हवा खात आलो," तू म्हणालास. त्या दिव्यांचा विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस. तुझं बोलणं मला लागायचं नाही, पण ते न बोलणं अजून आठवतं.

आणि माझी शैला गेली तेव्हा. घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी पुण्याहून आली होती. जो तो येऊन माझा हात हातात घ्यायचा, 'देवापुढे इलाज नाही' म्हणायचा आणि चहा घेऊन जायचा. मी कुणाशी बोलत नव्हतो. तोंडच उघडत नव्हतं. तू आलास, चप्पल काढलीस, माझ्याशेजारी सतरंजीवर बसलास.  मग हळूच म्हणालास, "तुझी विलायत दारात लई तेल सांडून राहिली. सील गेलं. अमेरिकन असती तर गेलं नसतं." भरल्या घरात, सुतकात! माझी बहीण तुझ्याकडे अशी पाहत होती, जणू तू हातात धोंडा घेऊन आला आहेस. आणि मला राग आला. खरोखरचा राग. मी म्हणालो, "तुझीचं सील मागच्या वर्षी गेलं होतं ते विसरलास काय?" कितीतरी वेळानं मी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. तू लगेच पुढचं काढलंस, मी त्यावर काढलं, आणि बोलता बोलता मी रडायला लागलो. तू हात नाही धरलास. कार्बोरेटरवर बोलत राहिलास.

हमीद, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणतो. तू नसतास तर मी त्या सतरंजीवरून उठलो नसतो.

यंदाच्या अदलाबदलीला तू हॉटेलवर आधीच येऊन बसला होतास. एरवी तू उशिरा यायचास. चहात साखर घेतली नाहीस. तुझ्या गाडीची चावी देताना म्हणालास, "तुझीचं स्टेअरिंग लई जड हाय, हात भरून येतात." मी म्हणालो, "मग हरलो म्हण आणि तुझी घेऊन जा." "हरेन तर कबरीत," तू म्हणालास आणि माझ्या गाडीत जाऊन बसलास. ह्यातलं मी तेव्हा काहीच ऐकलं नाही. मला वाटलं, नेहमीचंच बोलणं.

मग यंदा कुणीच गाडी परत मागेना. महिने गेले. तू का मागितली नाहीस ते मला माहीत नाही. मी का मागितली नाही ते सांगतो, आता तुला ऐकू जाणार नाही म्हणून सांगतो. मला तुझी गाडी आवडायला लागली होती. सकाळी मिलवर जाताना त्या रुंद बाकावर बसलो की पाठ दुखायची थांबायची. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की मी त्याला शेजारी बसवून घ्यायचो. पण तुला फोनवर म्हणायचो, "ही कसली गाडी, चालता पलंग आहे."

शेवटचं बोलणं रंगावरून झालं. तुझ्या गाडीचा निळा रंग उडालाय, नवा द्यायचा असं तू म्हणत होतास. मी सांगत होतो की जाणकार माणूस मूळ रंगाला हात लावत नाही. उडालेला असला तरी तोच खरा. तू म्हणालास, "म्हातारा माणूसबी केस रंगवतो. गाडीनंच काय पाप केलं?" मी त्यावर जबरदस्त उत्तर काढलं होतं. पण तुझ्या वखारीत गिऱ्हाईक आलं आणि तू म्हणालास, "थांब, ठेवतो." ते उत्तर माझ्यापाशी तसंच राहिलं. आता ते कुणाला देऊ? लातुरात तीन लाखांवर माणूस असेल. गाडीच्या उडालेल्या रंगावर माझ्याशी भांडेल असा एक नाही.

तुझ्या मातीहून तुझ्याच गाडीनं लातूरला परतलो, त्यानंतर काही दिवसांनी साजिदचा फोन आला. चांगला पोरगा आहे तुझा, त्याला दोष देत नाही. त्याची नोकरी हैदराबादला, वखार तो चालवू शकत नाही, आईला एकटं ठेवू शकत नाही. घर बंद करून भाभींना तो सोबत नेणार. "काका, गाडीला तिकडं जागाच न्हाई. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, जुन्या गाड्या जमवणारं. पण घोळ झाला." घोळ काय, तर हैदराबादचे ते गृहस्थ तुझी अमेरिका बघायला आले आणि शेडमध्ये उभी माझी विलायत. त्यांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि हीच द्या म्हणून बसले. साजिदनं सांगितलं की ही आमची नाही, ही लातूरच्या काकांची. आमची लातूरला आहे. त्यांना ते पटेना. शहाणी माणसं आपल्या गाड्या एकमेकांच्या घरी का ठेवतील?

"तुमी अमेरिका घेऊन या," साजिद म्हणाला. "ते रविवारी परत येऊन राहिलेत. त्यांना आवडली तर देऊन टाकू. न्हाई आवडली तर काका, मग ती तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. अब्बांनाबी तेच बरं वाटलं असतं." आणि वर म्हणाला, "फक्त तिच्याबद्दल तुमचं जे मत हाय, ते गिऱ्हाइकासमोर नका सांगू." म्हणजे माझी कीर्ती तुझ्या पुढच्या पिढीतही पोचली होती.

मुलानं गाडी मागितली म्हणजे तू हरलास, असं धरायचं का? मी त्यावर बराच विचार केला. नियमात वारसाचं काही नव्हतं.

रविवारी निघालो. तुझी गाडी डाव्या स्टेअरिंगची. एकट्यानं चालवताना समोरचं दिसत नाही; पुढच्या वाहनाच्या बाजूनं काढायची, तर उजवीकडे बसलेल्या माणसानं बघून सांगावं लागतं. तू सोबत असलास की मान बाहेर काढून म्हणायचास, "हाव, काढ." ह्या वेळी चाकूरच्या पुढे उसाचा एक ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या भरगच्च. मी एकदा गाडी थोडी बाहेर काढली, समोरून एसटी आली, परत आत घेतली. मग पुन्हा धीर झाला नाही. बाजूची ती रुंद जागा रिकामी होती. अहमदपूरपर्यंत मी त्या उसामागून आलो आणि वाटेत कितीदा तरी तिकडे मान वळवली.

एक मात्र मी ठरवून निघालो होतो. काही बोलायचं नाही. त्या गृहस्थांना विलायती गाड्या आवडतात, हे उघड होतं. ते तुझीला नावं ठेवतील, नको म्हणतील आणि निघून जातील. मला फक्त गप्प बसायचं होतं. मग अमेरिका माझ्या दारात राहणार होती, रोज सकाळी मी तिच्यात बसणार होतो, आणि तुझ्याशी बोलायला एक जागा राहणार होती. त्याहून जास्त मला काही नको होतं.

ते आले. वागायला सभ्य माणूस. गाडीभोवती फिरले, खाली वाकून पाहिलं, आत डोकावले आणि साजिदला सांगायला लागले. "असं आहे बघा, अमेरिकन गाडी म्हणजे देखावा. लाखांनी बनल्या. हातानं केलेलं काही नाही. डावं स्टेअरिंग. पेट्रोल तर पाण्यासारखं पिणार. रंग उडालाय. जाणकारांत हिला वजन नाही. त्या शेडमधल्या गाडीची गोष्टच वेगळी, ते लाकूड बघा, ती बैठक बघा." हमीद, माझीच वाक्यं. एकूण एक माझी. शेजारी उभा राहून मी ती ऐकत होतो आणि मला फक्त मान हलवायची होती. साजिद माझ्याकडे बघत होता. दारात भाभी उभ्या होत्या.

मग त्या माणसानं बोटाच्या पेरांनी तुझ्या गाडीच्या बॉनेटवर टकटक केलं आणि हसून म्हणाला, "डबा आहे हो."

"हात काढा," मी म्हणालो.

आवाज जरा मोठाच गेला असावा, कारण समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. पण एकदा तोंड सुटल्यावर मला आवरेना. मी म्हणालो, "साहेब, लाखांनी बनली म्हणून तिचे भाग आजही मिळतात, आणि भाग मिळतात म्हणून ती आज चालते. तुम्हाला आवडलेली ती शेडमधली गाडी माझी आहे. ती मे महिन्यात बाहेर निघत नाही. चढावर तापते. संध्याकाळी तिचे दिवे जातात. तिचं ते लाकूड ज्याचं तुम्ही कौतुक करताय, ते ह्या गाडीच्या मालकानं वाचवलंय. रंग उडालाय म्हणता? मूळ रंग आहे. तुमच्यासारख्या जाणकाराला तर तो पाहून आनंद व्हायला पाहिजे."

इथवर तुझंच बोलत होतो, एक रंगाचं सोडून. पण मग तू कधीच बोलला नव्हतास ते माझ्या तोंडून निघालं. "विलायती गाडी घडवली तीच मुळी मालकानं मागे बसावं म्हणून. पुढे ड्रायव्हर, मागे साहेब. आपली गाडी असून मी माझ्या गाडीत कैक वर्षं मागे बसलो. हिच्यात पुढे एक बाक आहे. सलग. मालक, मजूर, शेजारी, सगळे त्याच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात. हमीदनं हिच्यात कधी कुणाला मागे बसवलं नाही. अर्धं नांदेड ह्या पुढच्या बाकावर बसून दवाखान्यात गेलंय. तुमच्या संग्रहात मान असलेल्या पुष्कळ गाड्या असतील. अशी एखादी आहे का?"

ते गृहस्थ पुढे आले. मग दार उघडून त्या बाकावर बसले. मी चावी दिली. पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं, तो तुझा आवडता खर्जातला आवाज आला, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की आपण काय करून बसलो. अडाण्याचा गाडा म्हणतात तो हाच. तुझ्या बाजूनं तुझं भांडण मी जिंकलं, आणि तुझी गाडी घालवली.

ती गल्लीतून निघेपर्यंत अर्धा तास गेला. मागे घ्या, पुढे घ्या, नळ सांभाळा. सगळी गल्ली दारात उभी होती. वळणावर तिचे मागचे पर दिसेनासे झाले तसा साजिद माझ्याजवळ आला. "काका, तुमी लई छान बोललात," म्हणाला. पोरगं मनापासून खूश होतं. त्याला मी काय सांगणार?

भाभींनी चहा दिला. घरात अर्धं सामान बांधलेलं होतं. शेडची चावी माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "माधवभाई, एवढं गुणगान त्यांच्या तोंडावर कधी केलं न्हाई तुमी. एक बार तरी बोलायचं होतं. त्यांना लई आस होती."

"बोललो असतो तर भांडण मिटलं असतं, भाभी," मी म्हणालो. "आणि भांडण मिटल्यावर ह्या घरी यायला मला निमित्त काय होतं?"

भाभी कपांकडे वाकल्या. मग कप उचलता उचलता म्हणाल्या, "ह्या घरी यायला तुमाला निमित्त लागत होतं व्हय?"

तीस वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा निरुत्तर झालो, हमीद. आणि ते बघायला तू नव्हतास.